ऐच्छिक रकाना

फॉर्म भरायची मला भारी हौस. शाळेत वर्गातल्या निम्म्या मुलींचे फॉर्म मीच भरून दिले होते, आणि आमच्या बदलापूरजवळच्या शिरगावात कुणाला रेशनकार्डात नाव वाढवायचं असलं की बायका आईला विचारायच्या, "तुझी मोठी आहे का गं घरी?" अक्षर सुबक, स्पेलिंग चुकायचं नाही, खाडाखोड तर नाहीच. या एका गोष्टीचा मला गर्व होता, आणि गर्वाचं घर खाली म्हणतात ते उगीच नाही. आयुष्यात एकच फॉर्म मी वाईट भरला. त्यात खोटं असं काही लिहिलं नव्हतं. एक रकाना मोकळा सोडला आणि दुसऱ्या रकान्यात नको ते नाव घातलं, एवढंच.

ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा मी बी.कॉम. होऊन टायपिंगच्या दोन परीक्षा देऊन बसले होते. वडील अंबरनाथच्या एका कारखान्यात क्लार्क होते. त्यांच्या ओळखीने मला उल्हासनगर कॅम्प चारमध्ये नोकरी लागली. रसायनांच्या कारखान्यांना लागणारे छोटे पितळी व्हॉल्व्ह बनवणारी ती कंपनी. कंपनी म्हणजे दोन बराकींच्या मधली भिंत पाडून केलेलं वर्कशॉप, सहा कामगार, एक मिस्त्री आणि पुढच्या अंगाला ऑफिस म्हणायची एक खोली. त्या खोलीत दोन टेबलं होती, एक शेठचं आणि एक माझं.

शेठ सिंधी होते. पांढरा लेंगा, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, त्यातलं एक बंद. मराठी बोलायचा त्यांना आग्रह, पण वाक्य मराठीत निघायचं आणि वाटेत हिंदीत उतरायचं. मला बेटा म्हणायचे. मी आपली शेठच म्हणायचे.

रोज सकाळी आले की आधी पाण्यात माशावर बसलेल्या झुलेलालच्या तसबिरीला उदबत्ती आणि मग तीच उदबत्ती दरवाजाच्या वर टांगलेल्या दुसऱ्या फ्रेमला. त्या फ्रेममध्ये देव नव्हता. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड झाली त्याचं सरकारी प्रमाणपत्र होतं, वर नाव, खाली नोंदणी क्रमांक, शिक्का. त्याला चंदनाच्या ढलप्यांचा हारसुद्धा होता. पहिल्या दिवशी मी तो प्रकार बघून हसू दाबलं होतं. मिस्त्री अंबरनाथचा, तोंडाचा फटकळ. तो म्हणाला, "हसू नका बाई. आमच्याकडे देव दोन. एक पाण्यावरचा, एक कागदावरचा."

त्यामागची गोष्ट शेठनी मला पहिल्याच महिन्यात सांगितली, आणि पुढे इतक्या वेळा सांगितली की ती सुरू झाली की मी टाइपरायटरची रिबन तपासायला घ्यायची. सिंधमध्ये त्यांच्या वडलांचं दुकान होतं, भांड्यांचं. दुकानाला नाव होतं, पाटी होती. फाळणीनंतर ते इथल्या लष्करी बराकीत आले. काही दिवसांनी तिकडे राहिलेल्या मालमत्तेचा मोबदला मागायचे फॉर्म आले. वडलांनी दुकानाचं नाव लिहिलं, बाजाराचं नाव लिहिलं. पुढचा रकाना होता पुराव्याचा. तिथे लिहायला काही नव्हतं, कारण कागद दुकानाच्या पेटीत होते आणि पेटी तिकडेच राहिली होती. "बाबा तो फॉर्म घेऊन पूरा दिवस बसला होता, बेटा," शेठ सांगायचे. "मग तसाच देऊन टाकला. रकाना खालीच, कोरा. साहेब बोलला, कागद नाही तर दुकान नाही."

पुढे शेठनी स्वतःची कंपनी काढली तेव्हा तिला वडलांच्या दुकानाचंच नाव दिलं. ते नाव इथे लिहीत नाही. नोंदणीच्या कचेरीत आधी ते मिळेना, कुणाचं तरी मिळतंजुळतं होतं. शेठनी खेटे घातले, अर्ज केले, आणि अखेर नाव मिळवलं. प्रमाणपत्र हातात आलं त्या दिवशी पेढे घेऊन ते आधी बापाच्या फोटोपुढे उभे राहिले. तेव्हा ती फ्रेम म्हणजे काय होतं ते मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी स्वतःला ठेवलेली नाही.

आमच्याकडे एरवी मात्र नावांचा कारभार सगळा उधारीचा. लाइटचा मीटर ज्याच्या नावावर होता तो माणूस कधीच इंदूरला निघून गेला होता. फोन होता शेजारच्या शिंप्याच्या नावावर, कारण नंबर त्याने लावला होता आणि फोन यायला इतकी वर्षं लागली की तोवर त्याने दुकानच बंद केलं. बिलं त्यांच्या नावाने यायची, आम्ही भरायचो, कुणाचं काही अडत नव्हतं. कॅम्पात निम्म्या खोल्या आजोबांच्या नावावर आणि आजोबा फोटोत. नाव कुणाचं का असेना, वापर आपला, हीच रीत. शेठसुद्धा तसंच म्हणायचे. फक्त त्या एका नावाच्या बाबतीत त्यांना हे चालत नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ऑफिसात कॉम्प्युटर आला. मी बदलापूरला क्लास लावून शिकले, आणि शिकले म्हणजे काय, मिरवायला लागले. मग दुबईच्या एका गिऱ्हाइकाने फॅक्स केला की यापुढे ई-मेल पाठवा, आणि तुमची वेबसाइट असेल तर कळवा. शेठनी तो फॅक्स तीनदा वाचायला लावला. आठवड्याभरात मुंबईतल्या एका एजन्सीशी बोलणं झालं. त्यांच्या माणसाने फोनवर समजावलं, की इंटरनेटवर कंपनीचं नाव घ्यावं लागतं, ते एकदा आपण घेतलं की जगात दुसऱ्या कुणाला मिळत नाही. शेठ खुर्चीतून उठले. "दुनिया में दुसरं कोणाला नाही? पक्का?" मी विचारून सांगितलं, पक्कं. त्या दिवशी त्यांनी सगळ्या कामगारांना लस्सी पाजली.

फॉर्म फॅक्सने आला. शेठना त्या दुपारी पितळेच्या सळ्या बघायला कॅम्प दोनमध्ये जायचं होतं. निघताना त्यांनी बोट वर करून फ्रेम दाखवली. "बेटा, कंपनी का नाव लिही, आणि तो वरचा नंबर लिही. बराबर बघून लिही हां."

मी फॉर्म भरायला घेतला. पहिला रकाना, हे नाव कोणाच्या मालकीचं. दुसरा, कंपनीचा नोंदणी क्रमांक, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलेलं, ऐच्छिक. मग पत्ता, जबाबदार व्यक्ती, फोन, ई-मेल. मी नंबरासाठी वर बघितलं. हाराखाली नंबर झाकलेला. वाचायचा तर स्टूल आणावं लागणार, ते वर्कशॉपमध्ये, त्यावर तेलाचे डबे. आणि मी त्या दिवशी नवीन साडी नेसले होते, फिकट मोतिया. तेलाच्या स्टुलावर ती साडी घेऊन कोण चढणार! मी एजन्सीला फोन लावला. विचारलं, क्रमांक लागतोच का?

"ऐच्छिक आहे मॅडम," तो माणूस म्हणाला. "ही सगळी माहिती जगाच्या एका नोंदवहीत जाते. कोणीही, कुठूनही उघडून बघू शकतं. कंपनीचा क्रमांक असला तर उद्या वाद झाला तर तुमच्याच कामाला येतो. नसला तरी नाव मिळतं."

त्या बोलण्यातलं मला ऐकायचं तेवढंच मी ऐकलं. कोणीही, कुठूनही उघडून बघू शकतं. टायपिस्टचं नाव कुठे छापून येतं? पत्राच्या तळाशी दोन बारीक आद्याक्षरं, तीही शेठच्या आद्याक्षरांनंतर. मी विचार केला, शेठना कुठे इंटरनेट कळतंय, सगळं मीच बघणार, ई-मेल माझाच, मग फोन शिंप्याच्या नावावर चालतो तर हे माझ्या नावावर का चालू नये? मालकीच्या रकान्यात मी माझं नाव लिहिलं, माहेरच्या आडनावासकट, माझ्या सुबक अक्षरात. पत्ता शिरगावच्या घराचा दिला, कारण बराकींच्या नंबरात पोस्टमनचा नेहमी घोळ व्हायचा. निदान स्वतःची समजूत मी तशी घातली. क्रमांकाचा रकाना मोकळा राहिला.

शेठ परत आले, घामाघूम. "भरलं सगळं?"

"हो."

त्यांनी न वाचता सही केली. इंग्रजी कागद ते माझ्या भरवशावर सोडायचे.

नाव मिळालं. दोन वर्षांसाठी. मी ती नोंद कॉम्प्युटरवर उघडून बघितली, एकदा नाही, कितीदा तरी. शेठ बाहेर गेले की उघडायची. छापून घरी नेऊन वडलांना दाखवली. तो कागद मी माझ्या सर्टिफिकिटांच्या फायलीत ठेवला. कंपनीचं नाव त्या नोंदीत मालक म्हणून कुठेच नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं. बदलू कधीतरी, असं म्हणायचे. एक पत्र टाइप करायचं काम होतं.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. मुलगा अंबरनाथच्याच एका कारखान्यात ऑफिसर, क्वार्टर मिळालेलं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं, टाळ्या झाल्या, मीही लाजले. आडनाव तर गेलंच, पहिलं नावही गेलं. महिन्याभरात येते कामावर, असं शेठना सांगून निघाले होते. सासूबाईंना नोकरी पसंत नव्हती. मला ते शेठना तोंडावर सांगायला जमेना, म्हणून मी काहीच सांगितलं नाही. शेठनी मिस्त्रीबरोबर दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा मी म्हटलं, येते म्हणावं. नंतर निरोप यायचे थांबले, आणि खरं सांगते, मला हायसं वाटलं.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा शिरगावच्या पत्त्यावर मुदत संपत असल्याचं पत्र आलं. माझ्या आधीच्या नावाने. आईला इंग्रजी येत नाही. लेकीचं काहीतरी परीक्षेचं असेल म्हणून तिने ते कपाटात माझ्या लग्नातल्या शालूखाली जपून ठेवलं, मी आले की द्यायला. मी गेले महिन्याने. "तुझं पाकीट आलंय गं, जुन्या नावाचं," असं म्हणून तिने ते हातात दिलं तेव्हा तिला किती आनंद झाला होता. लेकीला जुन्या नावाने पत्र येणं तिला आवडलं होतं.

मुदतीला अकरा दिवस होते. अंबरनाथहून कॅम्प चार रिक्षाने किती लांब? पंधरा मिनिटं. मी पाकीट पर्समध्ये टाकलं आणि रोज ठरवलं की उद्या जाते. पण गेलं की शेठ विचारणार, बेटा, आलीच नाहीस? आणि पाकिटावर नाव माझं कसं, हेही विचारणार. चोराच्या मनात चांदणं. मग नणंद आली, मग हळदीकुंकू आलं, मग मी म्हटलं एजन्सीने त्यांनाही कळवलं असेलच. अकरा दिवस गेले. पाकीट पर्समध्येच होतं.

पुढचं मला मिस्त्रीकडून कळलं. ई-मेल यायचे बंद झाले. शेठना वाटलं, लाइन खराब आहे. उल्हासनगरात लाइन खराब असणं ही काही बातमी नव्हती. ते तीन आठवडे टेलिफोनवाल्यांना शिव्या घालत बसले. तोवर मुंबईच्या एका दलालाने ते नाव घेऊन टाकलं. आमचेच व्हॉल्व्ह घेऊन विकणारा माणूस. दुबईच्या गिऱ्हाइकाची पत्रं त्याच्याकडे जायला लागली. शेठ त्याच्या ऑफिसात गेले, भांडले. तो म्हणाला, "जुनी नोंद बघा शेठ. तुमचं नाव कुठाय तिच्यात? कंपनीचं नाव कुठाय?"

एका रविवारी सकाळी शेठ आमच्या क्वार्टरच्या दारात उभे होते. एका हातात रेक्झिनची पिशवी, काखेत टॉवेलात गुंडाळलेली ती फ्रेम. उदबत्तीचा वास सगळ्या जिन्यात. ते माझ्या नवऱ्याला नमस्कार करून खुर्चीच्या टोकावर बसले, आणि मी पाण्याचा तांब्या घेऊन आले तेव्हा फ्रेम मांडीवर सरळ करत होते. काचेवरून टॉवेल फिरवून त्यांनी नंबर दाखवला. इतक्या वर्षांत मी तो पहिल्यांदा जवळून बघितला. सहज वाचता येत होता.

एजन्सीने एक शेवटचा मार्ग सांगितला होता. जिच्या नावावर नोंद होती तिने लिहून द्यायचं, की नाव कंपनीचंच होतं, मी फक्त कर्मचारी होते, आणि सोबत ओळखीचा पुरावा. मी लिहून दिलं. सही करताना जुनं नाव लिहायचं होतं आणि हात अडला, पहिलं अक्षर नव्या नावाचं पडलं. मला कागद बदलावा लागला. पुरावा मात्र नव्हता. रेशनकार्ड, बँक, सगळीकडे मी नवी होते. जुन्या नावाची माझी शाळा-कॉलेजची सर्टिफिकिटं तेवढी होती, त्यावर ना फोटो ना पत्ता. शेठनी ती उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. शेवटी प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि माझं पत्र, एवढंच पाठवायचं ठरलं.

निघताना ते दारात थांबले. "बेटा, एक बात सांग. रागावत नाही मी. तो नंबर वर टांगलेला होता. का नाही लिहिला?"

नवरा बाजूला उभा होता. मी म्हटलं, "फॉर्ममध्ये त्याला जागाच नव्हती, शेठ."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग मान हलवली. "हां. जागा नव्हती. फिर ठीक आहे," ते म्हणाले, आणि फ्रेम काखेत मारून जिना उतरले.

आमच्या पत्राला उत्तर आलं, दोन ओळींचं. जुन्या नोंदीत कंपनीचा उल्लेख नाही आणि पत्र लिहिणाऱ्या व्यक्तीची ओळख पटत नाही. मिस्त्री सांगायचा की कॅम्पात कुणी माझ्याबद्दल काही बोललं की शेठ त्याला गप्प करायचे. म्हणायचे, फॉर्ममध्ये जागाच नव्हती तर पोरगी बिचारी काय करणार. हे ऐकलं की मला मिस्त्रीच्या तोंडाकडे बघवत नसे.

बघता बघता शेठनी वर्कशॉप विकायचं ठरवलं. फक्त त्या नावामुळे असं मी म्हणणार नाही, पाठदुखी होती, धंदाही उतरला होता. पण दुबईचं काम गेल्यावर त्यांचा जीव त्यात राहिला नाही, हे खरं. फायली लावून द्यायला त्यांनी मला बोलावणं पाठवलं. या वेळी मी गेले. दरवाजाच्या वर फ्रेमच्या जागी भिंतीचा स्वच्छ चौकोन होता. शेठ त्यांच्या टेबलाशी बसून पावत्या फाडत होते. मी माझ्या टेबलाशी बसून एकेक फाइल रिकामी करत होते.

एजन्सीच्या फायलीत तळाशी तो फॉर्म होता, आमच्या फॅक्स मशीनमध्ये घातलेली मूळ प्रत. माझं अक्षर अजून तसंच सुबक. क्रमांकाच्या मोकळ्या रकान्याभोवती पेन्सिलीने गोल केलेला होता, आणि बाजूला सिंधी लिपीत एक ओळ, मला वाचता न येणारी. खाली तारीख मात्र इंग्रजी आकड्यांत. ते आमच्याकडे आले होते त्या रविवारच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे ते आले तेव्हा त्यांना माहीत होतं. कदाचित तो कागद त्या रेक्झिनच्या पिशवीतही असेल. काढून माझ्यापुढे धरता आला असता. माझ्या नवऱ्यादेखत त्यांनी तो काढला नाही, आणि मग गावभर माझं खोटं स्वतःच्या तोंडाने खरं म्हणून सांगत राहिले. त्यांच्या वडलांचा रकाना मोकळा राहिला कारण लिहायला काही नव्हतं. माझ्या डोक्यावर हार घातलेला नंबर होता आणि मला साडी खराब करायची नव्हती.

मी मान वर केली. शेठ चष्म्यावरून माझ्याकडेच बघत होते. माझ्या हातात कुठला कागद आहे ते त्यांना दिसत होतं. तेव्हा बोलता आलं असतं. दोन वाक्यं होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, यंत्रं बंद होती, घाई कुणालाच नव्हती.

"चाय घेणार, बेटा?" शेठनी विचारलं.

मी म्हटलं, "हो." कागद परत फायलीत ठेवला, फायलीची नाडी बांधली, आणि चहा आला तो प्यायले.